न पाठवलेला रंग

केसाइतक्या बारीक काचेच्या तंतूतून एकाच वेळी अनेक रंगांचा प्रकाश पाठवता येतो, आणि प्रत्येक रंग आपला संदेश घेऊन, शेजाऱ्याला धक्का न लावता, पलीकडच्या केंद्रावर पोचतो. त्यांनी एकमेकांच्या वाटेत येऊ नये, एवढंच पाहण्याचा मला पगार मिळतो. डोळ्यांना हे रंग दिसत नाहीत. माझ्यासमोरच्या पडद्यावर ते कुंपणाच्या काठ्यांसारख्या सारख्या उंचीच्या रेघा होऊन उभे असतात.

माझ्या नवऱ्याची बदली पलीकडच्या केंद्रावर झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या की जगात एवढी जोडपी दूर राहतात, पण तुमच्यासारखं खास आपल्या दोघांत वायर टाकून कोणी राहत नसेल. आम्ही तिघंही हसलो होतो. दोन केंद्रांमध्ये कामाचा एक फोन आहे, त्यावरून दुपारी तो आपल्या बाजूची मापं सांगे आणि मी माझ्या. सुरुवातीला मापांच्या मध्ये काहीबाही थट्टा असे. मग ती कमी झाली, आणि हिवाळा लागेपर्यंत तो मला कसलीच हाक मारेनासा झाला होता. आकडे सांगायचा, आकडे ऐकायचा, आणि ‘ठेवतो’ म्हणायचा. कामाच्या फोनवर खाजगी बोलू नये असा नियम आहे. तो उशिरा का होईना पाळू लागला, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

त्याच सुमारास पडद्यावरच्या रेघा बुटक्या झाल्या. कोणाच्या लक्षातही आलं नसतं इतक्याच, पण सगळ्या सारख्या. आमच्या मार्गावरची प्रकाश वाढवणारी यंत्रं जुनी आहेत. ती एकूण प्रकाश ठरावीकच देतात आणि जेवढे रंग असतील तेवढ्यांत तो वाटला जातो. तेव्हा सगळ्यांचा वाटा घटला याचा अर्थ एकच होता: पंगतीला कोणीतरी जास्तीचं बसलं होतं. शोधल्यावर ते सापडलं. जी जागा आम्ही रिकामी ठेवली आहे तिथे एक मंद रेघ उभी होती.

दुपारच्या फोनवर मी नवऱ्याला विचारलं. त्या जागेला इकडे टोपण घातलेलं आहे, तिथून काही जाणंच शक्य नाही, तो म्हणाला, आणि इतक्या सभ्यपणे की मला पुढे विचारवेना.

कधी कधी दोन शेजारी रंग काचेत मिसळून कोणीच न पाठवलेला तिसरा रंग तयार करतात. आमच्या धंद्यात त्याला भूत म्हणतात आणि हसतात. ते घालवायचा उपाय सोपा आहे; एका शेजाऱ्याला क्षणभर बंद करायचं. मी आधी एकाला बंद केलं, मग दुसऱ्याला. रेघ जागची हलली नाही.

त्याच संध्याकाळी सासूबाई भाजी निवडता निवडता गालात हसत होत्या. लेकाचा फोन येऊन गेला होता. मला का दिला नाही, असं मी विचारलं.

“अगं, मी म्हटलं त्याला. तर म्हणतो, दुपारी एवढ्या गप्पा झाल्यात, आता ती कंटाळेल.” मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “काय गं, लहानपणी वडिलांनी कामाला परगावी जाऊ नये म्हणून त्यांचा चष्मा तांदळात पुरून ठेवायचीस? मला नाही कधी सांगितलंस ते. सांगताना हसत होता नुसता.”

मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं होतं. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. मी स्वतःला नीट तपासलं, आणि मला जे वाटत होतं ते भीती नव्हती. माझी गोष्ट माझ्या आधी कोणीतरी त्याला सांगितली होती आणि तो हसला होता, एवढंच माझ्या मनात जळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सहकारी जेवायला गेल्यावर, मी चाचणीचं कार्ड त्या रंगावर लावलं. रंगातून बोलणं जात असेल तर ते त्यावर ऐकता येतं. मी कानाला यंत्र लावलं.

तो हसत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षातलं ते हसू, वाक्याच्या शेवटी थोडं अडखळणारं. आणि जी बाई त्याला हसवत होती तिचा आवाज माझा होता. फक्त ती माझ्याहून चांगलं बोलत होती. ती त्याचं वाक्य तोडत नव्हती. तो शब्द शोधायला थांबला की ती थांबत होती, आणि मी हे इतक्या वर्षांत कधी केलं होतं ते मला आठवेना.

मग तिनं आवाज खाली आणला.

“जरा हळू बोल. ती ऐकतेय.”

“कोण?”

“तीच रे. ती आकडे सांगणारी.”

तो म्हणाला, “असू दे गं. एकटी असते बिचारी.”

प्रत्येक रंगापुढे एक झडप असते, ती पडद्यावरून बंद करता येते. मी ती बंद केली. मंद रेघ मावळली आणि बाकीच्या सगळ्या एकदम उंचावल्या, आपापला वाटा परत मिळाल्यासारख्या. गेल्या कित्येक दिवसांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

लगेच कामाचा फोन वाजला. तो होता. बोलता बोलता लाइन तुटली, तो म्हणाला, तिकडे काही झालंय का?

“मी बोलतेय,” मी म्हणाले. “मी. तुझी बायको.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, संशय नव्हता. परक्या माणसाची चूक त्याला अवघडल्यासारखं न होता कशी सुधारावी, एवढीच काळजी होती.

“आपण रोजच बोलतो,” तो हळुवारपणे म्हणाला. “आवाज ओळखला मी तुमचा. जरा तिला देता का फोन?”

आणि मी “थांबा हं,” असं म्हटलं, रिसीव्हर टेबलावर अलगद आडवा ठेवला, आणि तिला बसता यावं म्हणून खुर्चीवरून उठले.