हसा म्हणायचं नाही

"बाई, फोटोत तुम्ही नेहमी तोंड का फिरवता?"

विचारलं एकदाचं! हे मी विचारूच शकणार नाही, अशी माझ्या बाकावरच्या दोघींनी पैज लावली होती. आता दोघी दाराआड उभ्या राहून माझ्या शोकसभेची तयारी करत होत्या.

भूगोलाच्या बाईंना अख्खी शाळा टरकून असते. फार पूर्वी एका आजारपणात त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, ती तशीच राहिली. शाळेच्या प्रत्येक फोटोत त्या अशा उभ्या, जणू कुणी बाजूने हाक मारलीय. या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. निवृत्त शिक्षकांचे फोटो आमच्या व्हरांड्यात लागतात, पण "माझा नको," असं बाईंनी आधीच सांगून टाकलं होतं.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं.

"फोटोवाला 'हसा' म्हणतो म्हणून," त्या म्हणाल्या. "मी हसते. पण माझा अर्धाच चेहरा ऐकतो."

यावर काय बोलायचं हे पैजेत ठरलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नाही म्हणणार हसा. मी काढू तुमचा फोटो?"

"तू? नकाशात वाळवंट समुद्रात नेऊन ठेवलंस, ती तू?"

"उजेडातलं मला नकाशापेक्षा बरं कळतं, बाई. गल्लीतल्या स्टुडिओत शिकते मी."

दाराआडून "मेली ही!" असं स्पष्ट ऐकू आलं.

"शनिवारी येते," बाई म्हणाल्या. "आवडला नाही तर माझ्यासमोर पुसून टाकायचा."

खरं सांगायचं तर तोवर मी एकटीने एकाही माणसाचा फोटो काढला नव्हता. आमच्या गल्लीच्या टोकाला स्टुडिओ आहे, तिथे मी सुट्टीच्या दिवशी शिकायला जाते. लाइट कुठून टाकला की सावली कुठे पडते, याचा सराव स्टुडिओवाले काका मला भोपळ्यावर करायला लावतात. भोपळा डोळे मिटत नाही, कुरकुरत नाही. एका भोपळ्याचे मी इतके देखणे फोटो काढले की आईला तो चिरवेना. तरीही आईबाबांच्या लेखी हे खूळच. दहावी झाली की कॅमेरा माळ्यावर आणि मी विज्ञानाला, हे त्यांचं आपापसात ठरूनही गेलेलं.

शनिवारी बाई आल्या, इस्त्रीची साडी नेसून, परीक्षेला बसल्यासारख्या स्टुलावर बसल्या. काका माझ्या कानाशी म्हणाले, "उजवीकडून लाइट टाक. डावी बाजू अंधारात गेली की काम फत्ते."

मी तसंच केलं. फोटो असला झकास आला! अर्धा चेहरा उजळलेला, अर्धा मऊ काळोखात. मी ऐटीत स्क्रीन बाईंपुढे धरला.

त्यांनी चष्मा सावरून तो पाहिला. "सुंदर आहे," म्हणाल्या. "पण उरलेली मी कुठे ठेवलीस?"

माझे कान तापले. भोपळ्याने असं कधी विचारलं नव्हतं.

"अहो बाई, असाच चांगला दिसतो," काका समजावू लागले. बाईंनी पर्स उचलली. "पुसून टाक, बाळ."

"थांबा!" मी ओरडले. भूगोलाच्या बाईंवर! "अजून एकदाच. प्लीज."

बाई परत बसल्या. मी लाइट ओढत समोर आणला आणि उंच चढवला. डाव्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला, म्हणजे उजेड त्यावर आपटून त्या गालावरही येईल. आला! पण आता चष्म्यात पांढरे चौकोन चमकू लागले आणि डोळेच गायब.

"चष्मा काढणार नाही हं मी."

"नकोच." मी जवळ जाऊन चष्म्याच्या काड्या कानांवरून जराशा उचलल्या. काचा खाली झुकल्या आणि चौकोन पळाले. काकांनी 'अरे वा' अशी मान हलवली.

उरला चेहरा. बाई दगडासारख्या बसलेल्या, आणि हसा तर म्हणायचं नाही. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि अगदी भोळेपणाने म्हटलं, "बाई, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, म्हणून उकडतं ना?"

"काय?" बाई ताडकन ताठ झाल्या. "कुणी शिकवलं तुला हे? अक्ष कललेला असतो, अक्ष! कितीदा घसा फोडून..."

खटॅक.

फोटोत बाई थेट माझ्याकडे बघतायत. एक भुवई चढलेली, दुसरी आपल्या जागी. ओठ एकीकडे वर, एकीकडे खाली. आणि डोळ्यांत तो जाळ, ज्याने आमचा वर्ग गार पडतो.

"ही मी," बाई हळूच म्हणाल्या. मग एकदम, "पण तुला खरंच माहीत नाही, की..."

"माहितेय, बाई."

तेव्हा त्या हसल्या. अर्ध्याच चेहऱ्याने, पण तोंड माझ्याकडे करून. मी कॅमेरा उचलला नाही. तेवढं हसू माझं.

फोटो व्हरांड्यात लागलाय. त्याच्यासमोरून जाताना मुलं अजून शर्ट खोचतात. त्याची एक प्रत मी घरी आणली आणि जेवताना पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवली.

आई वाढता वाढता थांबली. "अगंबाई, या तर बघतायत आपल्याकडे!"

"मला वाटलं, गृहपाठच विचारतायत," बाबा म्हणाले.

"आई, बाबा," मी म्हटलं, "दहावीनंतर मी विज्ञान घेणार नाहीये. फोटोग्राफी शिकणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय."

बाबांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर फोटोकडे गेली, आणि ते खुर्चीत नीट सरळ बसले.