वाटलेल्या भोपळ्याचा फोटो

दादाने वाडगा माझ्याकडे सरकवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "याचा रंग कुठला ते सांग. बरोबर सांगितलंस तर खातो."

मी वाकून पाहिलं. गाजर, कोंबडी, बटाटा, सगळं एकत्र वाटलेलं. "तपकिरी," मी म्हटलं.

"तपकिरी म्हणे! तपकिरीच्या सतरा जाती असतात, बुटके. त्यातली ही एकही नाही. ब्रश धुतलेल्या डब्यातलं पाणी आहे हे."

आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दादा माझा थोरला भाऊ. चाळीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आमच्या घरात नुसतं "पिवळा" म्हणून कुणाची सुटका होत नसे. कुठला पिवळा, ते सांगावं लागे. वहिनी सहा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही, त्यामुळे त्याच्यावर हक्काने ओरडायला जगात मी एकटीच उरले होते. घशातली गाठ काढली, ऑपरेशन झकास झालं, पण गिळणं बिघडलं. आता महिना दोन महिने सगळं वाटून खायचं. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करायचं, नाहीतर श्वासात जातं. चहाही तसाच, चमच्याने. "चहा जेवायचा दिवस येईल असं वाटलं नव्हतं," असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. तेव्हा निदान विनोद करत होता.

शुश्रूषा केंद्राच्या त्या लांबट खोलीत असे वाटलेलं खाणारे अकरा जण होते. सोमवारी वजन होई. त्या सोमवारी दादाचा काटा सत्तेचाळीसवर थांबला. डॉक्टरांनी मला दाराबाहेर घेतलं. "पुढच्या सोमवारी याच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालायची. मला हौस नाही, पण उपाशी ठेवता येणार नाही."

दार नीट लागलेलं नव्हतं. मी आत आले तेव्हा दादाने वहीवर लिहून ठेवलं होतं: नळी नाही. बोलायचा कंटाळा आला की तो लिहायचा, आणि लिहायचा तेही पाटीसारखं, अक्षराला जाडी देऊन, उजवीकडे सावली टाकून. सिस्टरला "चालती हो" लिहिलं होतं, त्यालाही सावली होती.

"नळी नको तर खा," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. खायचं नव्हतं असं नाही. चमचा वर जायचा, तोंडाशी यायचा, आणि डोळे नको म्हणायचे.

आता डोळ्यांना हो म्हणायला लावणं हा माझा धंदा. गेली पंधरा वर्षं मी खाण्यापिण्याचे फोटो काढते. केकचे खोके, सरबताच्या बाटल्या, हॉटेलांची मेनूकार्डं. कुणी शिकवलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी, एक जुना कॅमेरा आणि बिघडलेले असंख्य केक यांनी शिकवलं. आमचे हे म्हणतात, आपल्या घरात जेवण आधी कॅमेऱ्याला वाढतात, उरलं तर माणसांना. मी मोठ्या सिस्टरना म्हटलं, "मी पदार्थांचे फोटो काढून कार्ड करते. पेशंट कार्ड बघून निवडतील. स्वतः निवडलेलं माणूस खातं."

मोठ्या सिस्टर कमी बोलायच्या. "करा," म्हणाल्या.

खालच्या स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याला सगळे मुकादम म्हणत, कारण तो पातेल्यांनाही हुकूम सोडायचा. त्याने मला भोपळा, वाटाणा आणि कोंबडीचे डबे भरून दिले. "फोटोनं पोट भरत असतं तर बाई, मी फोटोग्राफरच झालो असतो."

बुधवारी घरी मी जीव ओतला. भोपळा सपाट बसत होता, म्हणून वाडग्यात तळाला काचेच्या गोट्या ठेवल्या आणि वरून भोपळा चढवला. छान डोंगर झाला. वरून ब्रशने तेल फिरवलं, चकाकी आली. डावीकडून खिडकीचा उजेड, उजवीकडे पांढरा पुठ्ठा, म्हणजे सावली काळी पडत नाही. तरी काहीतरी उणं वाटत होतं. नारिंगीवर हिरवं हवं. मी पुदिन्याचं एक पान खोचलं. बस्स! फोटो असा आला की मलाच भूक लागली. गेल्या पाच वर्षांतला माझा सगळ्यात चांगला फोटो होता तो, हे कबूल करायला आज लाज वाटते.

गुरुवारी कार्ड खोलीभर फिरलं. अकरापैकी नऊ जणांनी भोपळा मागितला. दादाने कार्ड हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि बोट ठेवलं: हा. शेजारच्या पलंगावरच्या मास्तरीणबाई तर टाळी वाजवून म्हणाल्या, "आज पार्टी आहे म्हणा की!"

मी सिस्टरकडे बघून भुवया उडवल्या. तेवढा माज केला मी.

मग ट्रे आले. मळक्या रंगाच्या ट्रेमध्ये मळक्या रंगाचा प्लास्टिकचा वाडगा, त्यात सपाट, ओशाळलेला भोपळा.  मास्तरीणबाईंनी कार्ड वाडग्याशेजारी धरलं आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "पान कुठंय?"

"पान खायचं नाही हो तुम्ही," मोठ्या सिस्टर माझ्याकडे बघत म्हणाल्या. "पान घशाला चिकटलं तर काय होईल माहितेय ना? हे कार्ड आधी पाहिलं असतं तर मी फिरवूच दिलं नसतं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पंधरा वर्षं वरती एक पान खोचायची सवय. ज्यांना पान म्हणजे धोका, त्यांच्याही ताटात मी ते सजवलं होतं.

दादाने चमचा उचललाच नाही. "खाली काय ठेवलं होतंस?"

"गोट्या."

"आणि वरून?"

"तेल."

तो हसला, पण ते हसू नव्हतं. "चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या मी. ज्या दुकानात काही मिळायचं नाही, त्याचीच पाटी सगळ्यात मोठी असायची. बाकीच्यांना फसव. मला कशाला?"

त्या दिवशी नऊ वाडगे जवळजवळ भरलेले परत गेले. दादाने दिवसभरात घट्ट चहाचे चार चमचे घेतले. माझ्या उपकाराने तो आधीपेक्षा कमी खाऊ लागला होता, आणि सोमवारला चार दिवस उरले होते.

शुक्रवारी मी जेवणाच्या वेळी जाऊन त्याच्या पलंगावर त्याच्या शेजारी बसले, ट्रे ओढला आणि भोपळा मीच चाखून पाहिला. चांगला होता. खरंच चांगला, किंचित गोड, मिरपुडीची चव मागून येणारी. मुकादमाचा हात वाईट नव्हता. मग मी डोळे मिटून एक चमचा घेतला, नंतर डोळे उघडून एक. उघड्या डोळ्यांचा चमचा जास्त बेचव लागला. मी वर पाहिलं. दादाच्या डोक्यावर बरोबर मध्यभागी ट्यूबलाइट. वरून सरळ पडणारा, हिरवट, सगळीकडे सारखा उजेड. अशा उजेडात भोपळाच काय, नवी नवरीसुद्धा आजारी दिसेल.

मी कॅमेरा काढला आणि आहे तसा फोटो घेतला. ट्रे, वाडगा, भोपळा, ट्यूब. दादाला दाखवला. "हा खरा आहे?"

"खरा," तो म्हणाला. "म्हणूनच घाण आहे."

"मग यात काय बदलू? फोटोत नाही. इथं, या ट्रेवर. ज्याने खरा फोटोच चांगला येईल असं."

तो जरा सरळ बसला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याने उशी पाठीशी ओढून घेतली. "वाडगा. मळकट रंगात नारिंगी ठेवलं की नारिंगी मरतं. शेजारी निळा दे. गडद."

"आधी उजेड. रंग उजेडातच दिसतो."

"रंग आधी!"

"उजेड आधी! कधी नव्हे ते ऐक माझं!"

"भांडायचं असेल तर अंगणात जा," मास्तरीणबाई म्हणाल्या. पण त्यांनी स्वतःची खुर्ची जवळ ओढली.

उजेडासाठी मोठ्या सिस्टरची परवानगी हवी होती. "ट्यूब बंद नाही करता येणार," त्या म्हणाल्या. "खाताना ठसका लागला तर तोंड दिसायला हवं मला."

"ही एकच बंद करू. शेजारच्या चालू राहतील. आणि हे जेवणाचं टेबल खिडकीला आडवं लावू, म्हणजे दादाच्या तोंडावर पण उजेड पडेल. तुम्हाला आत्तापेक्षा चांगलं दिसेल."

त्यांनी टेबल स्वतः फिरवून पाहिलं, दादाला जबडा उघडायला लावला, आत डोकावल्या. "ठीक. पण मी इथं उभी राहणार, शेवटच्या चमच्यापर्यंत."

मग मुकादम.  मी सांगितलं, कोंबडी, गाजर, बटाटा एकत्र वाटू नका. वेगवेगळं वाटा. शेजारी शेजारी वाढा.

"म्हणजे मिक्सर तीनदा धुवायचा?"

"मी धुते."

"रोज?"

"सोमवारपर्यंत रोज. मग बघू."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या साडीकडे पाहिलं. "ही साडी नेसून येऊ नका मग. आणि गोट्या घरी ठेवून या. सगळं कळतं मला."

शनिवारी मी जुन्या साडीत सकाळीच हजर झाले आणि मिक्सर धुतला. माझ्या फोटोंच्या सामानातला गडद निळा वाडगा आणला होता, मातीचा, चकाकी नसलेला. भोपळा त्यात ओतला तेव्हा सपाटच बसला. गोट्या नाहीत, तेल नाही, पान नाही. मी चमच्याच्या पाठीने त्याच्या मधोमध एक वळणदार खोबण ओढली, एवढंच. वर नेला. दादाच्या डोक्यावरची ट्यूब बंद केली. टेबल आडवं होतं, खिडकीचा उजेड डावीकडून आला आणि त्या खोबणीच्या एका काठाला लागला. एक काठ उजळ, एक काठ सावलीत. निळ्यावर नारिंगी असा पेटला की मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगं बाई!"

दादा मान तिरकी करून बघत राहिला, रंगवलेल्या पाटीपासून दोन पावलं मागे जाऊन बघायचा तसा.

"खाली काय आहे?"

"भोपळा."

"वरून?"

"उजेड."

त्याने चमचा भरला. गिळायला त्याला वेळ लागे. हनुवटी छातीला लावायची, मग गिळायचं, मग पुन्हा एकदा गिळायचं, सिस्टरने शिकवलं होतं तसं. मी मोजत होते आणि मोजत नाही असं दाखवत होते. सातव्या चमच्यानंतर तो थांबला. 

"खोबण मोडली," तो म्हणाला. "पुन्हा ओढ."

मी ओढली. त्याने आणखी पाच चमचे खाल्ले. सिस्टर शेवटपर्यंत उभ्या होत्या, हात मागे बांधून, आणि शेवटी वाडग्यात वाकून बघितल्यावर फक्त "हं" म्हणाल्या. त्यांच्याकडून ते खूप होतं.

रविवारी गाजर, बटाटा आणि कोंबडी तीन वेगळ्या ढिगांत आले. गाजर संपलं, बटाटा अर्धा. कोंबडीला दादाने हात लावला नाही. "ही अजून डब्यातल्या पाण्यासारखीच दिसते. हिचं काहीतरी कर." मी पांढऱ्या बशीत, काळ्या बशीत, पिवळ्या बशीत तीनदा फिरवली. कशातही जमेना. शेवटी मी हात टेकले तेव्हा तोच म्हणाला, "भाजून मग वाटायला सांग. भाजल्याचा तपकिरी वेगळा असतो." मुकादमाने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. पण संध्याकाळी भाजून दिली. दादाने चार चमचे खाल्ले, तोंड वाकडं करून, पण खाल्ले.

तोवर शेजारपाजारचेही मागू लागले होते. मास्तरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. "मला निळा नको. मला हिरवा वाडगा आण. आणि माझ्या डोक्यावरची ट्यूब पण बंद करायला सांग त्या सिस्टरला. मी सांगितलं तर ऐकत नाही."

सोमवारी दादा काट्यावर उभा राहिला. मी काट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि काट्याकडेच बघत होते. सत्तेचाळीस आणि वर शंभर ग्रॅम. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं, चपला काढल्यात का ते बघितलं.

"शंभर ग्रॅम म्हणजे काही विशेष नाही," ते म्हणाले.

"खाली तर नाही गेलं," मी म्हटलं.

"नाही. खाली नाही गेलं." त्यांनी फाइलवर काहीतरी खोडलं. "नळी पुढच्या सोमवारपर्यंत थांबवू. पण हे असंच चालायला हवं. दर आठवड्याला बघणार."

दादा काट्यावरून उतरला, भिंत धरत पलंगापाशी आला आणि बसला. दमला होता, शंभर ग्रॅमने माणूस बरा होत नाही. मी जुनं कार्ड बाद केलं होतं. त्याच्या जागी नवीन करायला घेतलं होतं, या खोलीत, या टेबलावर, या खिडकीच्या उजेडात काढलेले फोटो, वाढलं जाईल तसेच. भोपळा, गाजर आणि बटाटा झाले होते. हिरव्या वाटाण्याची जागा रिकामी होती, कारण मुकादमाचा वाटाणा उकडून उकडून खाकी व्हायचा.

दादाने त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "उद्या हा."

"वाटाणा? तुला तर वाटाणा आवडत नाही."

"आवडत नाहीच. पण हिरवा आला तर खाईन. खाकी आला तर तुझ्या डोक्यावर ओतेन. तीनच मिनिटं उकडायचा, लगेच गार पाण्यात टाकायचा, सालं गाळून काढायची. सांग त्याला."

"तो मला हाकलून देईल."

"मग पुन्हा जा."

मी पदर खोचला आणि खाली निघाले. जिन्यातच मुकादमाचा आवाज ऐकू येत होता, पातेल्यांना हुकूम सोडत होता. मी आत शिरले, सिंकजवळ गेले, मिक्सरचं भांडं हातात घेतलं आणि नळ सुरू करून म्हटलं, "मुकादम, वाटाण्याबद्दल बोलायचंय. आणि हे बघा, नाही म्हणणार असाल तर भांडं धुऊन होईपर्यंत म्हणून घ्या."