दोन रिंगा

बोट वडिलांची होती आणि त्यांच्या माघारी निम्मी तिची, निम्मी दादाची. दादाचं म्हणणं सरळ होतं: घरात इंजिनातलं कुणाला ओ की ठो कळत नाही, विकून मोकळं होऊ. तिचं म्हणणं, मी शिकते. शेवटी ठरलं ते असं की रविवारी तिने स्वतः डिझेलचा फिल्टर बदलायचा, बोट पलीकडच्या काठाला नेऊन परत आणायची. जमलं तर बोट राहील. नाही जमलं तर गेली.

शिकवायला वडिलांचे जुने मिस्त्री होते. त्यांची अट एकच, स्वतःचे हात खिशात. महिनाभर त्यांनी पान्यालासुद्धा बोट लावलं नाही.

रविवारी दादा गिऱ्हाईक सोबत घेऊनच धक्क्यावर हजर.

"घाई कसली होती?" तिने विचारलं.

"तू आटप. ते फक्त बघायला आलेत."

तिने जुना फिल्टर काढला, नवा बसवला. वरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली, स्क्रू आवळला. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. दादाचं तोंड उतरलं. दोन मिनिटांनी इंजिनाने आचके दिले आणि ते बंद पडलं. दादाचं तोंड जागेवर आलं.

"झालं?"

"दहा मिनिटं दे."

मिस्त्री पाण्याकडे बघत बसले होते, जसं काही ते कुणाच्या लग्नाला चुकून आलेत.

कुठून तरी हवा शिरत होती, एवढं तिला कळलं. पण कुठून? आज आपण हात कशाला लावला? फिल्टरला. मग बाकीचं उचकटण्यात अर्थ नव्हता. तिने नवा फिल्टर पुन्हा खाली उतरवला आणि तो जिथे टेकतो त्या वरच्या बैठकीवरून बोट फिरवलं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग तिथेच चिकटून बसली होती, आणि तिने तिच्यावरच नवी रिंग चढवून वर घट्ट आवळली होती. अंगावर गाऊन तसाच ठेवून वर साडी नेसावी, तसा प्रकार.

तिने जुनी रिंग नखाने सोलून काढली आणि मिस्त्रींच्या पुढ्यात टाकली.

"तुम्हाला दिसली होती?"

"काढलेल्या फिल्टरवर रिंग नव्हती, ताई. तेव्हाच दिसलं."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"मधल्या पाण्यात बंद पडली असती, तर मी असतो का तिथे?"

उत्तर तिला पटलं होतं, राग मात्र तसाच होता. फिल्टर बसवून तिने पुन्हा हवा काढली. इंजिन लागलं. या वेळी तिने पाच मिनिटं नुसतं ऐकलं आणि मग दोर सोडला.

ती परत आली तेव्हा गिऱ्हाईक गेलेलं होतं. दादाने दोर झेलला, खांबाला गुंडाळला आणि वाकून इंजिनाकडे बघितलं.

"ऑइल कधी बदलायचं असतं?"

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली. "येताना जुने कपडे घालून ये."