मोठ्याला सात

आई खाली राहायला गेली ती उशी काखेत मारून, आणि कारण सांगितलं टीव्हीचं.

"तुझ्याकडे माणसांचे तुकडे दिसतात रे," ती थोरल्याला म्हणाली. "काल ती सून सासऱ्याला खरं काय ते सांगणार, नेमकं तेव्हाच तिचं तोंड चौकोनात फुटलं. खाली धाकट्याकडे सगळं बोलून झालं, रडूनही झालं. मी इथं आपली चौकोन बघत बसले."

खाली जाणं म्हणजे फक्त जिना उतरणं. पण 'आई कुणाकडे असते?' असं कुणी विचारलं की प्रश्न संपायच्या आत थोरला 'माझ्याकडे' म्हणत असे, आणि त्या दोन सेकंदांत तो वीतभर उंच होत असे. ती उंची आता उशीबरोबर खाली गेली.

थोरला गोदामात माल तपासायचा. पोती तपासून तपासून त्याची नजर अशी झाली होती, की नातेवाइकांच्या घोळक्यातही त्याला कोण आलंय ते नंतर दिसे, कोण कमी आहे ते आधी. वडील गेल्यावर घराची वाटणी झाली तीही त्यानंच केली. वरचा मजला त्याला, खालचा धाकट्याला, वरची आतली खोली आईची. मग केबल उरली. रस्त्यावरून आलेली एकच वायर जिन्यातल्या पेटीत शिरत होती. तिथं एक स्प्लिटर बसवला, म्हणजे काडेपेटीएवढा पत्र्याचा ठोकळा: एका बाजूनं वायर आत, दुसऱ्या बाजूला तीन तोंडं. तिसरं तोंड आईचं. आईच्या खोलीत टीव्ही नव्हता, पण वाटा ठेवायला नको? तिच्या वायरीचं टोक कपाटामागे लोंबत राहिलं.

त्या ठोकळ्यावर प्रत्येक तोंडाशी आकडा ठोकलेला होता. एकावर साडेतीन, दोहोंवर सात. थोरल्यानं मोठा आकडा हेरला, आपली वायर सातवर आवळली, दुसरं सात आईला दिलं आणि साडेतीन धाकट्याला.

"दादा, हे आकडे कसले रे?" धाकट्यानं विचारलंही होतं.

"असतात कंपनीचे. आकड्याला काय अर्थ असतो?"

अर्थ नसलेला तो सात थोरल्यानं पुढं कितीतरी वर्षं मनातल्या मनात कुरवाळला. धाकट्यानं नवीन पंखा आणला, धाकट्याचं कौतुक झालं, काहीही झालं तरी जिना चढताना पेटीकडे एक नजर टाकली की त्याला बरं वाटे.

आणि आता सातवाल्याचं चित्र फुटत होतं, आई साडेतीनवाल्याकडे बसली होती. थोरल्याच्या पायाला भिंगरी लागली. कामावरून आला की बूट न काढता टीव्हीच्या मागे. वायर हलव, पिन उपस, फुंकर मार, परत खोच. जेवता जेवता उठायचा, उष्ट्या हातानं केबलचा डबा फिरवून यायचा.

"लोक टीव्ही पुढून बघतात," त्याची बायको म्हणाली, "आमच्याकडे मागून बघायची पद्धत आहे."

त्यानं जुनी बारीक वायर उपटून पेटीपासून टीव्हीपर्यंत जाड, दुहेरी जाळीची नवी ओढली. टोकांना नव्या पिना बसवल्या.

"फरक पडला?" त्यानं विचारलं.

"पडला की. तुकडे मोठे झालेत. आता कुणाचा तुकडा आहे ते ओळखू येतं."

खालून आईचं हसू आलं. ती टीव्हीला हसली होती, पण थोरल्याला ते आपल्यालाच वाटलं. दुसऱ्या दिवशी तो परस्पर वायरच्या दुकानात गेला. दुकानदार बोलका होता. गिऱ्हाइकाचं दुखणं ऐकल्याशिवाय माल दाखवायचा नाही.

"कितीच्या तोंडावर आहात?"

"सातच्या," थोरला छाती काढून म्हणाला.

"अरेरे."

"अरेरे काय? मोठा आहे तो."

"मोठा आहे म्हणूनच अरेरे! साहेब, हा आकडा मिळतं त्याचा नाही, वाटेत गळतं त्याचा आहे. तीन तोंडं म्हणजे आधी दोन भाग. एक भाग सरळ एकाला, दुसऱ्याचे परत दोन. तो सरळवाला कोण?"

"धाकटा भाऊ."

"नशीबवान आहे."

"नशीब कसलं, मीच दिलंय त्याला. तिसरं आईचं, ते रिकामंच असतं."

"मग असा भाऊ शोधून सापडायचा नाही," दुकानदार म्हणाला आणि दोन तोंडांचा ठोकळा समोर ठेवला. "आईंचं रिकामं तोंड काढून टाका. दोघांना सारखं."

थोरल्यानं तो उचलला, उलटासुलटा केला आणि परत ठेवला. दोघांना सारखं झालं तर आई जिना कशाला चढेल? "बघतो," म्हणून तो निघाला.

सुट्टीच्या दुपारी, खालचं घर झोपलेलं असताना, त्यानं पेटी उघडली आणि दोन वायरींची अदलाबदल केली. बस, एवढंच. संध्याकाळी त्याच्या टीव्हीवर माणसं अखंड झाली. सासऱ्याच्या मिशीतला केस न् केस दिसू लागला. आणि खाली सून ऐन रडताना फुटली.

एक-दोन संध्याकाळी आईनं खाली कळ काढली. मग उशी वर आली.

तिच्यापाठोपाठ धाकटाही आला. हा रंगाच्या दुकानात रंग कालवायचा, नखांत कायम कुठला तरी निळा. दारात उभं राहून तो म्हणाला, "दादा, मी आज पेटी उघडून बघितली."

चोराच्या मनात चांदणं. थोरला उगाच रिमोटची बटणं दाबू लागला.

"सात माझ्याकडे आणि साडेतीन तुझ्याकडे," धाकटा म्हणाला. "बोलला नाहीस ते. इतकी वर्षं मला वाटायचं, दादानं मोठं ते आपल्याकडे ठेवलं. बायकोजवळ तसं बोललोयसुद्धा. चुकलो मी."

"माझा थोरला तसा नाहीच मुळी," आई म्हणाली.

"अरे, त्यात काय," थोरला म्हणाला. एवढं तोंडातून निघून गेलं, आणि मग मागं घेता येईना.

"माझा टीव्हीच मेलाय बघ," धाकटा म्हणाला. " सात मिळूनही चालेना, म्हणजे पडदाच गेला. नवा घेतो."

आता थोरल्याकडे सगळं होतं. आई शेजारी, चित्र स्वच्छ, वर मोठेपणा. फक्त बूड टेकेना. आईनं मावशीला फोन लावला, "थोरल्यानं आपलं मोठं काढून धाकट्याला दिलं गं!" तो पाणी प्यायला उठला. आत्याला फोन झाला, तो गॅलरीत गेला. कौतुकाचं एकेक वाक्य मानेत शिरलेल्या कापलेल्या केसासारखं टोचत होतं.

तेवढ्यात जिन्यात घासल्याचा आवाज आला. धाकटा जुना टीव्ही कवेत घेऊन भंगारवाल्याकडे निघाला होता.

थोरला अनवाणी पळाला. "ठेव तो! चांगला आहे टीव्ही."

"अरे, पण सात..."

"सात वाईट असतं. मोठा आकडा म्हणजे मोठी गळती. मी बदललं. मुद्दाम."

धाकट्यानं टीव्ही पायरीवर ठेवला.

"म्हणजे वाटणीच्या दिवशी सात मोठं वाटलं म्हणून घेतलंस."

"हो."

"आणि मला म्हणालास, आकड्याला अर्थ नसतो."

"हो."

"आणि आता खरा अर्थ कळल्यावर परत फिरवलंस."

"हो रे बाबा. किती वेळा वदवून घेशील?"

"माझ्या सातचं काय?" वरून आईनं विचारलं. ती कठड्याला धरून उभी होती. दोघांनीही वर पाहिलं नाही.

"ते कपाटामागे लोंबतंय. त्यातून चित्र नुसतं वाया जातं," थोरला म्हणाला.

"म्हणजे तुमचं चित्र मी खातेय आणि मला दिसत काहीच नाही! काढा ते. दोघांना सारखं करा. आणि आई कुठं बसणार ते आता पेटीला विचारायचं नाही, आईला विचारायचं."

थोरल्यानं दोन तोंडांचा ठोकळा आणला. धाकट्याचीही जुनी वायर काढून जाड घातली, पिना स्वतः आवळल्या. धाकटा नुसता हातात पक्कड देत होता. दोन्ही मजल्यांवर सासऱ्याची मिशी सारखीच स्वच्छ झाली.

त्या संध्याकाळी थोरल्यानं आईला विचारलं. ती म्हणाली, "आज खाली बसते. त्याला जरा लागलंय."

थोरला खुर्चीत बसला. चित्र एकदाही हललं नाही. उठायला निमित्तच उरलं नव्हतं. त्यानं आवाज कमी केला. खाली तीच मालिका चालू होती. तोच संवाद फरशीतून वर येत होता.

"तुमचा जीव काही या खुर्चीत नाही," बायको म्हणाली. "जा की खाली."

"बोलावलंय कुठं त्यानं?"

"वायरी बदलल्यात तेव्हा कुठं विचारलं होतंत?"

त्यानं टीव्ही बंद केला आणि जिना उतरला. खालचं दार लोटलेलंच होतं. आईनं पडद्यावरून नजर काढली नाही. धाकटा सतरंजीवर पाय पसरून बसला होता. त्यानं वळून न बघताच एक पाय आखडता घेतला, तेवढी जागा झाली.

"बस," तो म्हणाला. "पण वायरीला हात लावशील तर बघ."