पोटाशी गारवा, पाठीला आग

मी एक जुनी पेल्टियर पट्टी आहे. नाव परकं वाटलं तरी बिचकू नका, मित्रांनो. मी काड्यापेटीएवढी, पांढरी आणि चपटी आहे. माझ्या दोन वायरींमधून वीज आली की माझं पोट गार पडतं आणि पाठ तापते. उष्णता मी नाहीशी करत नाही, फक्त इकडची तिकडे पोचवते.

कारखान्यातून निघाल्यावर मी पाणी गार करणाऱ्या एका यंत्रात बसले. चार वर्षं दवाखान्यातल्या माणसांची तहान भागवली. मग यंत्राची तोटी तुटली आणि मीही त्याच्यासोबत अडगळीत गेले. तिथून मला बाहेर काढलं ते फ्रिज दुरुस्त करणाऱ्या ताईंनी. त्यांचे उपकार मी कशी विसरेन?

ताईंचे बाबा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. ते पाटीवर लिहून बोलू लागले. पण आईंना चष्मा सापडेपर्यंत ते बोलणं शिळं व्हायचं. हळूहळू बाबांनी पाटी हातात घेणंच सोडलं.

ताईंनी स्थानकावरून घोषणांची जुनी रेकॉर्डिंग मिळवली. ती ऐकून घरचा कॉम्प्युटर बाबांचा आवाज शिकणार होता. पुढे बाबा टाइप करतील आणि कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलेल, असा बेत होता. पण प्रोसेसर इतका तापायचा, की कॉम्प्युटर अर्ध्यावरच बंद पडायचा.

ताईंनी माझं पोट प्रोसेसरला टेकवलं. पाठीची उष्णता हवेत सोडायला तिच्यावर धातूच्या पात्यांचा मोठा ठोकळा आणि पंखा बसवला. काम सुरळीत चालू झालं. "शाब्बास गं!" ताई मला म्हणाल्या. मी फुलून गेले.

तोच फुगारा नडला. दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेल्या होत्या. दुपारी प्रोसेसरचं काम जरा हलकं झालं, पण मी आपली गार करतच राहिले. गार पाण्याच्या पेल्याला फुटतो तसा माझ्या कडांना घाम फुटला. एक थेंब खालच्या सर्किटकडे ओघळू लागला. तो तिथे पोचला असता तर सगळंच संपलं असतं. ओरडणार कशी? मला कुठे आवाज होता!

समोर बाबा बसले होते. कॉम्प्युटरची एक बाजू उघडी होती, तिथून त्यांना थेंब दिसला. त्यांनी टेबलावर थाप मारली. स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या घरघरीत आईंना ती ऐकूच गेली नाही. मग बाबा धडपडत उठले आणि त्यांनी प्लग उपटला.

संध्याकाळी ताई आल्या. "बाबा, प्लग का काढलात? पाच तासांचं काम वाया गेलं!"

बाबांनी त्यांचं बोट धरून माझ्या ओल्या कडेवर टेकवलं. ताई खाली बसल्या.

"चुकले, बाबा. जगाचे फ्रिज दुरुस्त करते आणि घरातच घाम फुटेल हे विसरले. तुम्ही होतात म्हणून वाचलं."

त्यांनी सगळं कोरडं केलं, माझ्याभोवती फोमची चौकट बसवली आणि माझी वीज कमी केली. मी जेमतेम हवेइतकी गार राहू लागले. तेवढंच पुरेसं होतं. आठ दिवस मी आणि प्रोसेसर न कुरकुरता राबलो.

नवव्या दिवशी बाबांनी दोन बोटांनी सावकाश टाइप केलं. खोलीत त्यांचा भारदस्त आवाज घुमला, "चहात साखर कमी आहे."

एखादी गाडी रद्द झाल्याचं सांगावं, तसा तो सूर होता. ताई खो खो हसल्या. आई मात्र दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"परत बोला," त्या म्हणाल्या. "काहीही बोला."

बाबांनी टाइप केलं, "तुझा चष्मा डोक्यावर आहे."

आता माझी ताकद कमी झाली आहे. तरी ताई दर महिन्याला माझ्या पाठीवरच्या पंख्याची धूळ ब्रशने झाडतात, म्हणून मी टिकून आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांनाही एवढी माया द्या. आणि घरात कुणाला बोलता येत नसेल, तर त्याच्या हातांकडे लक्ष असू द्या. त्या दुपारी प्लगकडे गेलेल्या हाताने आम्हां सगळ्यांना वाचवलं.