कापडाला चोवीस तास

कटिंगच्या टेबलावर टी-शर्टचं नवं कापड रोलमधून सोडून पसरलं होतं आणि चोवीस तास त्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. रोलवर ताणून गुंडाळलेलं कापड लगेच कापलं, तर पहिल्याच धुण्यात शर्ट दोन बोटं आखडतो आणि अख्खा माल परत येतो. कारखाना ज्यांना मास्तरीणबाई म्हणायचा, त्या कटिंगवाल्या बाई हे बावीस वर्षं जाणून होत्या. नव्या मॅनेजरला ते कुठल्याशा पुस्तकात सापडलं होतं, म्हणून सकाळी सगळ्यांना उभं करून त्याने प्रवचन झोडलं.

"याला म्हणतात कापड रिलॅक्स करणं. शब्द मुळात लॅटिन. अर्थ काय, तर आवळलेलं पुन्हा सैल सोडणं. माणसाच्या आरामाचा अर्थ त्याला फार मागाहून चिकटला."

आणि त्याच दमात सांगून मोकळा झाला, की ऑर्डर तातडीची आहे, दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी आजपासून बंद. जेवण दहा मिनिटांत उरकायचं.

वा रे वा! कापडाला चोवीस तास आणि बायकांना दहा मिनिटं! मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिलाईच्या चौथ्या मशीनवर त्यांची सून बसायची. घरी दहा महिन्यांचं पोर, डोळ्याला डोळा नाही. काल डुलकी लागली आणि सुई नखातून आरपार गेली. तरी आज पट्टी बांधून हजर! दुपारी अर्धा तास डोकं टेकायची, त्यावर तिचा दिवस निघायचा. तोही गेला तर पुढच्या वेळी बोटच जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

जेवणाची दहा मिनिटं संपली. सगळ्या मशीन सुरू झाल्या. मास्तरीणबाईंनी जाऊन सुनेच्या मशीनचं बटण बंद केलं.

"ऊठ."

"आई, नको ना. दोघींची नोकरी जाईल."

"गेली तर गेली. ऊठ म्हणते ना!"

तिला ओढतच टेबलाजवळ आणलं, भिंतीशी बसवलं आणि स्वतः शेजारी फतकल मारली. सून घाबरून थोडी रडली. मग तिची मान सासूच्या खांद्यावर कलंडली.

मॅनेजर तरातरा आला. "हा काय तमाशा लावलाय?"

"हळू बोला. आत्ता डोळा लागलाय तिचा."

"दोघींना काढून टाकीन!"

"काढा की. कापडाचा दुसरा रोल मागवता येतो, साहेब. हिचं बोट कुठून मागवणार?"

मॅनेजरने पट्टीकडे पाहिलं. मग दबक्या आवाजात म्हणाला, "माझ्या केबिनमध्ये या. आत्ताच्या आत्ता."

मास्तरीणबाई जागच्या हलल्या नाहीत. "येते," त्या म्हणाल्या, "सुट्टी संपली की."