दारातला दादा

"घरात कोण आहे?" त्यानं विचारलं आणि मोबाइलचा उजेड माझ्या दारातल्या बुटांवर टाकला.

"दादा," मी म्हणाले.

खोटं इतक्या सफाईनं बाहेर पडलं की मीच दचकले. सगळ्या इमारतीची वीज गेली होती. 'मी जाईन हो एकटी' असं मी तळमजल्यापासून सांगत होते आणि 'अंधारात पडशील' म्हणत तो माझ्यामागून जिना चढत होता. दुसऱ्या भेटीतच आम्ही अरे-तुरेवर आलो होतो, पण घाबरले की माझं पुन्हा अहो-जाहो सुरू होतं.

ही तिसरी भेट. आमची गाठ मोबाइलवरच्या एका अ‍ॅपनं घालून दिली होती. अशा भेटींबाबत माझ्या मैत्रिणींची शिस्त कडक. भेटायचं गर्दीच्या ठिकाणी, बसायचं दाराजवळ, आणि त्याच्या गाडीचा फोटो आधी सगळ्याजणींना पाठवायचा. त्यामुळे त्याचं आडनाव कळायच्या आधी त्याच्या स्कूटरचा नंबर आम्हाला पाठ झाला होता. आई फोनवर विचारायची, "कोणी भेटतं का गं?" आणि भेटतं म्हटलं की तिलाच धडकी भरायची.

तो शाळेत पीटी शिकवतो. बोलतो मोजकंच, पण मैदानावरच्या आवाजात. माणूस चांगला वाटत होता. तीच तर पंचाईत होती. वाईट वाटला असता तर घाबरायला कारण तरी मिळालं असतं.

ते बूट माझ्या रूममेटनं रस्त्यावर विकायला टाकलेल्या जुन्या बुटांच्या ढिगातून आणले होते. इथे दोन मुलीच राहतात हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू नये म्हणून. मोठे, काळे, पैलवानाला शोभतील असे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. रोज सकाळी दादाला जरा सरकवायचं, अधूनमधून एक बूट आडवा पाडायचा, म्हणजे दादा घाईत घरी आल्यासारखा दिसतो. रूममेट लग्न करून गेली, दादा माझ्याकडे राहिला.

समोरच्या काकूंच्या दारातही पुरुषाचे बूट असतात. काका मला कधी दिसले नाहीत, पण बूट रोज बदलतात. काकू दार किलकिलं करून एवढंच म्हणतात, "हळू गं, ह्यांना आवाज खपत नाही." त्या काकांची मला इतकी धास्ती, की स्वतःच्या घरात शिंक आली तरी मी उशीत तोंड खुपसते.

मी कानाच्या दवाखान्यात ऐकू येण्याची तपासणी करते. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचा आणि सांगायचं, आवाज आला की बोट वर करा. काहीजण आवाज नसतानाही बोट वर करतात, नापास व्हायच्या भीतीनं. मला त्यांचं हसू येतं. घरी आले की मात्र जिन्यातल्या प्रत्येक पावलाला माझंच बोट मनातल्या मनात वर होत असतं.

"तू तर एकुलती एक म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"मावसभाऊ आहे. झोपलाय. रात्रपाळी असते. आणि तुम्हाला सांगते, फार तापट आहे."

"तुम्हाला?"

"तुला."

उजेड बुटांवरून हलेना. दिवसभर पोरांवर 'डावा-उजवा' ओरडणारा माणूस तो, त्याच्या नजरेतून काय सुटणार? तो वाकला.

"दादाचे दोन्ही पाय डावे आहेत का?"

मी पाहिलं. खरंच दोन्ही डावे होते. इतकी वर्षं आम्ही ते सरकवले, पुसले, पण कोणी पायात घालणार आहे अशा नजरेनं कधी पाहिलेच नव्हते. खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही. या दारामागे कोणीच नाही, हे आता त्याला कळलं होतं. किल्ली मुठीत होती आणि लॅचपर्यंत हात जाईना.

त्यानं माझ्या मुठीकडे पाहिलं. मग तो मागच्या मागे दोन पायऱ्या उतरला आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "दादांना नमस्कार सांग! भेटू पुन्हा!" मग अगदी हळू, "मी खाली जातो. तू आत जा, कडी लाव. वाजली की निघतो."

मी आत गेले. कडी लावली. मग कुठे खालून पावलं निघाली, आणि थोड्या वेळानं स्कूटरचा आवाज. इतकं शहाण्यासारखं माझ्याशी कोणी वागलं नव्हतं. आणि तरीही मी वरची कडीसुद्धा लावली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. मी हाताला लागली ती इस्त्री उचलली. वीज नव्हती, म्हणजे गारच.

"कोण?"

"मी समोरची. उघड गं लवकर, मलाही भीती वाटतेय इथे उभं राहायला."

काकूंच्या एका हातात मेणबत्ती होती आणि काखेत तपकिरी बुटांचा जोड. आजवर त्यांनी माझा उंबरा ओलांडला नव्हता.

"हे घे. एक डावा आहे, एक उजवा. नीट बघून घे."

माझे कान तापले. "तुम्ही ऐकलंत?"

"त्याचा आवाज काय, गच्चीवरसुद्धा गेला असेल."

"पण काकांना लागतील ना?"

"त्यांना जाऊन पाच वर्षं झाली." काकूंनी मेणबत्ती खाली ठेवली. "हौशी होते. बूट पुष्कळ ठेवून गेलेत. रोज एक जोड काढते बाहेर."

"काकू, मी उशीत शिंकत होते!"

"आणि मी तुझ्या दादाच्या भीतीनं टीव्हीचा आवाज मोठा करत नव्हते."

दोघी हसत सुटलो. मग काकूंचं हसू ओसरलं. "भीती होती गं, पण धीरही होता. काही झालंच तर समोर पुरुष माणूस आहे, हाक मारली तर येईल. आज तोही गेला."

माझंही तेच होतं. रूममेट गेल्यावर या घरात एकटी राहिले ती काकांच्याच भरवशावर.

फोन वाजला. त्याचा मेसेज होता. 'पोचलो. दादा उठला का?'

"त्याचाच ना?" काकू म्हणाल्या. "कसा आहे मुलगा?"

"चांगला वाटतो."

"मग एवढी थरथरतेस कशाला?"

"नुसता वाटतो ना."

काकूंनी जरा विचार केला. "कडी वाजेपर्यंत थांबला होता खरा. मीही दाराला कान लावूनच होते."

'दादाला विचारून सांगते,' मी लिहिलं. दोनदा पुसलं. पण पाठवलं.

काकू निघाल्यावर त्यांचा जोड मी दारात ठेवला, एक बूट किंचित तिरपा. जुना दादा टाकवेना. पुसून आत घेतला आणि पलंगाखाली सरकवला.

काकू त्यांच्या दारात मेणबत्ती धरून उभ्या होत्या. "आधी तू लाव," त्या म्हणाल्या. "वाजली की मी लावते."

मी कडी मुद्दाम वाजवून लावली आणि अंधारात दाराला कान लावून उभी राहिले. समोरची कडी वाजली. बघायला कोणी नव्हतं, तरी माझं बोट वर गेलं.